बाहेरची कडी

१२ जानेवारी, रविवार

डॉक्टरांनी सांगितलं, दर चार तासांनी ताप मोजा आणि लिहून ठेवा. म्हणून ही वही आणली. सकाळी सहा: एकशे दोन. दहा: एकशे एक. दोन: शंभर. एवढं लिहून बाकीचं पान कोरं राहतं. कोरं पान मला बघवत नाही, म्हणून उरलेल्या जागेत लिहितो आहे.

भिंगरी सहा वर्षांची आहे. माझ्या अक्काची मुलगी. अक्काला जाऊन एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील. भिंगरीच्या बापाने दुसरं घर केलं, तिकडून ना पत्र ना फोन. आम्ही दोघंच. भिंगरी हे नाव अक्काने ठेवलं, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरायची नाही. आता पुष्कळ शांत झाली आहे. शाळेतही म्हणतात, किती शहाणी मुलगी.

डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग आहे, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. "पाणी किती पिते?" मी सांगितलं, फारसं मागतच नाही, चांगली सवय आहे. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिला विचारलं, "काय गं, पाणी आवडत नाही?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मला तहान लागत नाही."

गोळ्या सात दिवसांच्या. सकाळ-संध्याकाळ.

१६ जानेवारी, गुरुवार

ताप गेला. वही बंद करायला हरकत नाही, पण हाताला सवय लागली.

आज ती शाळेत गेली. आमची दिनचर्या अशी: सातला निघतो, सव्वासातला शाळा, आठला मी कारखान्यात. आमचा कारखाना म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचं काम. साडेबाराला सायकलवर शाळेत, तिला घेऊन घरी, जेवण. सव्वा वाजता ती गॅलरीच्या टोकाच्या संडासात जाऊन येते. एक वीसला बाहेरून कडी, कडीला कुलूप. कुलूप दोनदा ओढून बघतो. सहाला परत. आत झाकणाचा डबा ठेवलेला आहे, पण तिला तो आवडत नाही. धरून ठेवते. गॅसची कळ मी काढून खिशात नेतो. खिडकीला तार ठोकली आहे. पेपरात रोज काय काय छापून येतं. माझ्या घरात त्यातलं काही घडू शकत नाही.

नऊ नियम पत्र्यावर ऑइलपेंटने लिहून भिंतीला लावले आहेत. लाल किनार, निळी अक्षरं. चौथा नियम: दारातून कोणाशीही बोलायचं नाही, ओळखीचा आवाज असला तरी नाही. तिला नऊही पाठ आहेत.

शेजारच्या शिवणकामवाल्या काकू परत म्हणाल्या, "अरे, दुपारी सोड की माझ्याकडे. मला काय, मशीनशी बोलण्यापेक्षा तिच्याशी बोलेन." मी नको म्हटलं. कोणाचे उपकार अंगावर घेतले की फेडता येत नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी आलो तर जिन्यातली मीटरची पेटी जळून काळी पडलेली. तळमजल्यापासून वरपर्यंत वास. दुपारी तारा पेटल्या म्हणे. नुकसान कोणाचंच नाही. आमच्या कुलपावर मात्र ताजे ओरखडे दिसले, आणि कडीचा एक खिळा हललेला. गोंधळाचा फायदा घेऊन कोणीतरी हात मारायला बघितलं असणार! तसाच खाली जाऊन दुप्पट जाडीचं कुलूप आणलं.

भिंगरीला विचारलं, काही आवाज आला का? "नाही मामा." जेवली नाही. लवकर झोपली.

काकूंना कुलूप दाखवलं. एरवी बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आज त्या कुलपाकडे बघत राहिल्या आणि दार लावून घेतलं. त्यांची तब्येत बरी नसावी.

२२ जानेवारी, बुधवार

नीट, क्रमाने लिहितो.

साडेसहाला दार वाजलं. पन्नाशीच्या बाई, अंगाने जाड, तीन जिने चढून धाप लागलेली. बालरक्षण कार्यालयाचं ओळखपत्र पुढे धरलं. मी ते दोनदा वाचलं, शिक्क्यासकट. त्या म्हणाल्या, "वाचा, सावकाश वाचा. न वाचता कोणाला आत घेऊच नये."

मग म्हणाल्या, "तुमच्याकडच्या मुलीबद्दल आम्हाला काळजीचा फोन आला आहे. असा फोन आला की चोवीस तासांच्या आत मुलाला डोळ्यांनी बघायचं, असा आमचा नियम."

"कोणी केला फोन?"

"ते नाव मी नवऱ्यालाही सांगत नाही. त्याला मी माझा पगारसुद्धा खरा सांगते."

"मॅडम, तुम्ही तिला नेणार?"

"न्यायला आले असते तर एकटी आले नसते. बघायला आले आहे. पण नीट बघणार. आणि मॅडम नको, ताई म्हणा. मॅडम म्हटलं की गुडघे जास्त दुखतात."

त्यांनी भिंगरीला हात लावायच्या आधी विचारलं, "तुझे हात बघू का?" नंतर दोघी बाहेर गॅलरीत उभ्या राहून दहा मिनिटं बोलल्या. मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी घर पाहिलं. अंथरूण, पिठाचा डबा, औषधांची बाटली, गॅस, झाकणाचा डबा. लसींचं कार्ड मी न मागता दाखवलं. नियमांच्या पाटीसमोर त्या सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहिल्या.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो. शुद्धलेखन तपासून."

"अक्षर फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "मजकूर भयंकर आहे."

उद्या शाळा सुटताना त्या आमच्याबरोबर येणार. जाताना गॅलरीत काकू उभ्या होत्या, डोळे पुसत होत्या. किती जीव आहे त्यांचा आमच्यावर.

तिला नेलं तर? अक्काला मी काय शब्द दिला होता? मी बसून चौदा संभाव्य प्रश्न काढले आणि त्यांची उत्तरं लिहिली. भिंगरीने आठ वाजेपर्यंत सगळी पाठ केली. एका ठिकाणी अडखळते: "मला दुपारी कोणतीही अडचण येत नाही." अडचण हा शब्द तिला जड जातो. त्याऐवजी त्रास घातला.

२३ जानेवारी, गुरुवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो, काही न वगळता.

ताई शाळेच्या फाटकापाशी आधीच उभ्या होत्या. वर आलो, जेवणं झाली. त्या जमिनीवर बसल्या (बसायला त्यांना पाऊण मिनिट लागलं) आणि म्हणाल्या, "भिंगरी, कशी असते गं तुझी दुपार?" भिंगरी उभी राहिली, हाताची घडी घातली आणि सुरू झाली, "माझे मामा मला वेळेवर जेवायला देतात. माझे मामा मला मारत नाहीत. मला दुपारी कोणताही त्रास होत नाही." चौदाच्या चौदा. एक चूक नाही.

ताईंनी मध्ये तोडलं नाही. शेवटी टाळ्या वाजवल्या. "वा! मामाने शिकवलेलं संपलं? आता पाणी पी." ती नको म्हणाली. ताई स्वतःच्या बाटलीतलं अर्धं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता खेळ खेळू. मी भिंगरी. तू मामा. मामा गॅलरीत उभे राहतील, ते खेळात नाहीत. मला माझी दुपार दाखव."

मी बाहेर गेलो. दार उघडंच होतं. पोरगी हुबेहूब मी झाली. गॅसची कळ काढून फ्रॉकच्या खिशात टाकली. बोट वर करून म्हणाली, "शेवटचं विचारतो, शू करून आलीस ना? नंतर मला सांगायचं नाही." हे वाक्य माझं आहे. रोजचं आहे. तिच्या तोंडून ते कसं ऐकू आलं, ते लिहिता येत नाही. मग ती बाहेर आली, टाचा उंच करून कडी घातली, दोनदा ओढून बघितली आणि मला म्हणाली, "चला, कामाला."

आत ताई. सरकारी माणूस आमच्या खोलीत कोंडलेला. मी कडी काढायला गेलो तर आतून आवाज आला, "मामांनी मध्ये पडू नये."

सुरुवातीला भिंगरी हसत होती. सहा-सात मिनिटांनी हसणं थांबलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. ती दाराला कान लावून उभी राहिली. मग खाली बसली, फटीला तोंड लावून हळू आवाजात, मोठ्या माणसासारखी बोलू लागली, "घाबरू नकोस हं. मी इथेच आहे. धूर खाली आहे, वर येत नाहीये. टॉवेल ओला कर आणि दाराखाली सार. मी कुठ्ठे जात नाही. गाणं म्हणू का?"

मी म्हटलं, "कसला धूर?"

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. रडायला लागली. "मामा, मी चौथा नियम मोडला."

परवा. मीटरची पेटी पेटली तेव्हा. सगळी इमारत रस्त्यावर उतरली होती. माझी भिंगरी कुलपाच्या आत होती आणि काकू बाहेर जमिनीवर बसून फटीतून तिच्याशी बोलत होत्या, धुरात, आग विझेपर्यंत. तिने मला सांगितलं नाही, कारण ती दारातून बोलली होती. नियम मोडला होता.

मी कडी काढली. माझ्याच्याने ती निघेना, ताई आतून म्हणाल्या, "सावकाश." बाहेर येऊन त्यांनी आधी भिंगरीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तू माझी फार छान सोबत केलीस. आता मला जायचंय." संडास कुठे ते विचारलं. परत येऊन मला म्हणाल्या, "अकरा मिनिटं. आणि मी फक्त अर्धी बाटली प्यायले होते. ती पाच तास कशी काढते, सांगू? ती सकाळपासूनच पाणी पीत नाही."

मी पायरीवर बसलो. पुढचं काही लिहिण्यासारखं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

ताईंनी कागद दिला. सोप्या भाषेत आहे, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. "मुलीला एकटं, कुलपात, एक तासही ठेवणार नाही." खाली माझी सही, त्यांची सही. चार फेब्रुवारीला बालकल्याण समितीपुढे जायचं. भिंगरीने कुठे राहायचं ते समिती ठरवेल.

मला वाटलं होतं ओरडतील. एक शब्द ओरडल्या नाहीत. त्या "का" असं विचारतच नाहीत, माझ्या लक्षात आलं आहे. त्या विचारतात, "आणि मग?" काल त्यांनी सतरा वेळा "आणि मग?" विचारलं. एवढ्यावर माणूस सगळं सांगून मोकळा होतो.

कागदाप्रमाणे कुलूप काढलं. आजपासून तिला शाळेतून थेट कारखान्यात नेतो.

२५ जानेवारी, शनिवार

फोन कोणी केला ते मला ठाऊक आहे. तळमजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर. आमच्या चपलांवरून, सायकलवरून, पाण्याच्या थेंबावरून त्यांची तक्रार असते. आज जिन्यात गाठलं.

"तुम्ही असं पाठीमागून करायला नको होतं."

"पाठीमागून?" त्यांनी आवाज चढवला. "तुझी सायकल आडवी येते हे मी तुला तोंडावर दहा वेळा सांगितलं. चपलांबद्दल वीस वेळा. माझं तोंड काय शिवलेलं आहे, पाठीमागून बोलायला?"

"मग कुलपावर ओरखडे कसे आले, ते तरी सांगा!"

"मी केले. हातोडी घेऊन तीन जिने चढलो, या दम्यात. तुटलं नाही तुझं कुलूप. भारीतलं आणलं होतंस ना? हात बघ." तळहातावर फोड होता, फुटलेला.

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मारून मारून जे तुटलं नाही, त्याच्या दुप्पट जाडीचं मी त्याच संध्याकाळी आणलं होतं.

"काका, चुकलं," मी म्हटलं.

"सायकल काढ आधी," ते म्हणाले.

मग फोन केला कोणी? काकूंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या सुईत दोरा ओवत होत्या. तीनदा चुकला. म्हणाल्या, "जाऊ दे ना रे. केला असेल कोणी भीतीपोटी." त्यांचं मन मोठं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर आगीच्या दिवशी त्या फोन करणाऱ्याने कुठे तोंड लपवलं होतं, ते आधी विचारलं असतं.

२७ जानेवारी, सोमवार

ताई न कळवता कारखान्यात आल्या. त्या कधी कळवतात, कधी कळवत नाहीत. त्यालाही कारण असणार.

मी मोठ्या शब्दकोशात एक शब्द बघत होतो. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे मी बघूनच लिहितो. पाटीवर चूक राहिली की ती दहा वर्षं रस्त्यावर टांगलेली असते. यावरून मालक मला मास्तर म्हणतात. तेच ताईंना म्हणाले, "या, या. आमच्या मास्तरने पोरीसाठी महाल बांधलाय, बघा."

मी भिंगरीसाठी फरशीवर खडूने चौकोन आखला होता. चार फूट बाय चार फूट. रंगांपासून लांब, रंग सुकवायच्या भट्टीपासून लांब, दारापासून लांब. तिने चौकोनातच बसायचं. ती बसली होती. नाकाला हिरवा रंग. टर्पेंटाइनच्या वासाने डोळे लाल.

ताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं, मालकही हसले, भिंगरीही हसली. मग त्या एकदम थांबल्या. "अरे बाबा, ही आगीतून निघून फुफाट्यात पडली. कुलूप गेलं आणि खडू आला."

मालकांनी भिंगरीला बाहेर हवेत नेलं. ताईंनी मला विचारलं, "तू लहान होतास तेव्हा तुला कोण सांभाळायचं?" आता त्या मला अरे-तुरे करतात. मला बरं वाटतं.

मी सांगितलं, आमच्या घरी आई नव्हती. बाबा कामावर जाताना अक्काला आणि मला कोंडून जायचे. त्यात काही विशेष नाही. आम्ही सुरक्षित होतो. आम्हाला कधी काही झालं नाही.

"आणि मग?"

मग संध्याकाळी बाबा यायचे.

"आणि ते येईपर्यंत?"

मी म्हटलं, अक्का गोष्टी सांगायची. दाराखालून उजेड यायचा, तो कुठल्या फरशीपर्यंत आला की बाबा येतात ते आम्हाला ठाऊक होतं. एकदा उजेड पुढे गेला, संपला, तरी बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले. अक्का तेव्हा आठ वर्षांची होती. तिने मला सगळी रात्र मांडीवर घेतलं होतं. तरीही आम्हाला काही झालं नाही.

त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी प्यायलो. रंगाच्या वासाने माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. साखर पेरून बोलल्या नाहीत. "तू तिला मारत नाहीस, उपाशी ठेवत नाहीस, तिचा एकही डोस चुकलेला नाही. हे सगळं मी लिहीन. पण दुपारी तिच्याजवळ एक मोठं माणूस पाहिजे. खडू नाही, पाटी नाही, माणूस. चार तारखेपर्यंत ते नाव माझ्या कागदावर नसेल, तर सोय होईपर्यंत मी तिला बालगृहात ठेवायला सांगेन. आनंदाने नाही सांगणार. पण सांगेन."

"माझं कोणी नाही, ताई."

"तू कोणाला विचारलंस?"

मी खडूचा चौकोन ओल्या फडक्याने पुसायला घेतला.

२८ जानेवारी, मंगळवार

काय बोलायचं ते कागदावर उतरवून काकूंच्या दारात गेलो. "काकू, माझी एक विनंती आहे. आपली गैरसोय होणार नसेल तर..." त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"दोन वर्षं मी काय म्हणते आहे? मशीनच्या आवाजात तुला ऐकू येत नव्हतं का?"

"मी उपकार..."

"कसले उपकार रे? चार कापडाचे तुकडे दिले की ती बाहुलीला लुगडी नेसवत बसेल. मलाही तीन मजले माणूस दिसत नाही दिवसभर." मग त्या रडायलाच लागल्या. पदराचं टोक तोंडात धरून म्हणाल्या, "तू मला जन्मभर शिव्या दिल्यास तरी चालेल. पोरगी मोकळी झाली, मला बाकी काही नको."

मी त्यांना शिव्या का देईन? धुरात बसल्या होत्या त्या माझ्या पोरीसाठी. म्हाताऱ्या माणसांचं मन हळवं असतं. मी वाकून नमस्कार केला, तर आणखी रडल्या.

ताई संध्याकाळी काकूंशी बोलायला आल्या. त्यांची खोली बघितली, इस्त्री कुठे ठेवता विचारलं, कात्र्या वर टांगायला लावल्या, मुलीचं काही औषध चालू असेल तर कसं देणार ते वदवून घेतलं. दोघी पहिल्यांदाच बोलत होत्या, तरी ताईंनी निघताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. ताईंचं सगळ्यांशीच असं आपुलकीचं वागणं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

समिती म्हणजे तीन माणसं, एक लांब टेबल, एक पंखा, तोही करकरणारा. पत्रे ठोकलेल्या बाकावर आमच्याआधी एक बाई बसली होती, तिचं बाळ तिच्याकडे नव्हतं. तिच्याजवळ ताईंच्या कार्यालयातलीच एक मुलगी बसली होती, नुसती बसली होती, काही बोलत नव्हती. मला वाटतं तेही त्यांचं कामच असावं.

ताईंनी वाचायला सुरुवात केली. कडी, कुलूप, झाकणाचा डबा, दोन संसर्ग, आग, मोठं कुलूप, पाठ केलेली चौदा उत्तरं, खडूचा चौकोन. सगळं. एकही गोष्ट लपवली नाही. माझी मान खाली गेली ती वर येईना. अध्यक्षबाई माझ्याकडे बघत होत्या ते न बघताही कळत होतं.

मग त्याच आवाजात, पान उलटून, ताईंनी पुढचं वाचलं. शाळेत एकही दिवस उशीर नाही. नखं कापलेली. तापाचा तक्ता, दर चार तासांचा, पहाटे दोनचासुद्धा. चूक कळल्यावर माणूस वाद घालत नाही. मी हे आधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जितक्या सपाट आवाजात पहिलं वाचलं, तितक्याच सपाट आवाजात हे. त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि विरोधातही गेल्या नाहीत. त्या फक्त भिंगरीच्या बाजूला होत्या. तशा माणसाच्या हातात मी माझं काहीही देईन.

"शिक्षण?" एका सदस्यांनी विचारलं.

"आठवी. नापास नाही. सोडावी लागली."

"परत कुलूप लावाल?"

"नाही." मग खरं ते सांगितलं. "पण भीती जात नाही. साडेबाराला पोटात गोळा येतो, तो सहापर्यंत राहतो."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. तोंडाने स्वतःचं वाटोळं केलं.

त्यांनी भिंगरीला बाजूच्या खोलीत नेलं, ताई बरोबर. सोळा मिनिटं. परत आल्यावर अध्यक्षबाईंनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "आम्ही हिला विचारलं, तुला काय हवं? तिचं उत्तर कागदावर घेतलं आहे, वाचते. 'मामा पाहिजे. कडी नको.'"

भिंगरी माझ्याकडेच राहणार. सहा महिने ताई येत राहतील, कळवून आणि न कळवता. आठवड्यातून एकदा मीही कोणाशी तरी बोलायला जायचं, भीतीबद्दल. असलं कोणी असतं हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, किती वेळ असतं? ताई म्हणाल्या, "मास्तर, घड्याळ घरी ठेवून जा."

परतताना जिन्यात कंपाउंडर काका उभे होते. "काय झालं?" मी सांगितलं. "हं," ते म्हणाले आणि आत जाऊन दार लावलं. दाराआडून बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत होता.

७ मार्च, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि ते किती चांगलं असतं.

आज सहाला दहा मिनिटं असताना आलो. काकूंचं दार सताड उघडं, मशीन चालू, खोलीत भिंगरी नाही. काकू मान वर न करता म्हणाल्या, "खेळतायत. लपंडाव."

"कुठे?"

"इमारतीत. कुठे म्हणजे काय? सांगून लपतात होय कोणी?"

गॅलरीत दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा भिंतीला डोकं टेकवून पन्नासपर्यंत मोजत होता, मधले आकडे गाळत. मोजून झाल्यावर तो माझ्याकडे आला. "भिंगरीचे मामा, भिंगरी कुठे लपलीय?"

दोन वर्षं, कुठल्याही मिनिटाला, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी त्याचं उत्तर दिलं असतं. फरशीसकट सांगितलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"खरं?"

"खरंच माहीत नाही."

तो खाली पळाला. मी जिन्याच्या पायरीवर बसलो, हात गुडघ्यांवर ठेवले. वर कुठेतरी दार करकरलं, कुठेतरी खाली कोणी चपला काढून अनवाणी पळत गेलं, कोणी हसू दाबलं. ती होती की दुसरं कोणी, कळलं नाही. मी उठलो नाही. हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने, मला अजिबात वाटलं नव्हतं त्या दिशेकडून, सगळ्या जिन्यात घुमेल असा तिचा आवाज आला.

"धप्पा!"